मोठं इंजिन बसवल्यावर हॉट रॉड तापते: नवा रेडिएटर घेण्याआधी काय तपासायचं

लक्षण नेहमीचं आहे. घरी बांधलेली हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी नव्याने बांधून तिला जोरदार इंजिन घातलेली, आधीचं इंजिन काढून मोठं बसवलेलं. गाडी एका चावीत सुरू होते, आवाज झकास, पहिला फेरफटका मजेत होतो. मग उन्हाळ्यात दोन-चार सिग्नलना थांबली की काटा चढायला लागतो आणि शेवटी गाडी पाणी फेकते. मालकाचं निदान ठरलेलं: इंजिन मोठं झालं, रेडिएटर पुरत नाही. अॅल्युमिनियमचा जाडजूड रेडिएटर येतो, चांगले पैसे जातात आणि पुढच्या रविवारी परत तेच.

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांना हे दृश्य पाठ असतं. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, १९९५ पासून. फर्नडेल ते पॉन्टिअॅक जुन्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये इंजिन बदललेल्या बऱ्याच असतात. ट्रॉय, नोव्ही, कँटन भागात गाडीधंद्यात काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यातले काही हौशी आता स्वतःच्या गॅरेजमध्ये १९३२ ची फोर्ड बांधायला लागलेत आणि सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. इंजिन मोठं आहे एवढ्यानेच गाडी सहसा तापत नाही. जळणाऱ्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि जवळपास तेवढीच पाण्यात उतरते. पण पाण्यात नेमकी किती उतरणार हे इंजिन त्या क्षणी किती ताकद लावतंय त्यावर ठरतं. ते किती लावू शकतं याचा तिथे संबंध नाही. हजार-अकराशे किलोची रोडस्टर सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांनी न्यायला २५-३० अश्वशक्ती पुरते, मग इंजिन ३५० घन इंचाचं असो की ४०० चं. उभ्या गाडीत मोठं इंजिन थोडं जास्त पेट्रोल खातं, पण ३५० वरून ४०० म्हणजे आकारात सातव्या हिश्शाची वाढ. ज्या रेडिएटरने काल ३५० थंड ठेवलं, तो एवढ्याने गुडघे टेकणार नाही.

मग तापते का? कारण इंजिन बदलताना इंजिनाबरोबर आणखी दहा गोष्टी बदलल्या जातात. पंप बदलतो, फॅन रेडिएटरपासून लांब जातो किंवा त्याला चिकटतो, शराउड (फॅनभोवतीचं, हवा जाळीतून ओढायला लावणारं आवरण) मध्ये येतो म्हणून काढून ठेवला जातो, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नव्याने लावलं जातं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) दुसऱ्या इंजिनाचं येतं. दोष बहुतेक यातच कुठेतरी असतो. म्हणून पहिला प्रश्न मालकाला विचारायचा तो असा: इंजिन सोडून आणखी काय काय बदललं? उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढची तपासणी त्या कागदावरून करायची.

काटा खरं बोलतोय का

रेडिएटरवर खर्च करायच्या आधी थोड्या पैशांत मिळणारी इन्फ्रारेड तापमान-गन घ्या. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) हाउसिंगवर, रेडिएटरच्या वरच्या होजच्या तोंडाशी आणि खालच्या होजशी तापमान बघा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही गन चुकीचं सांगते, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. नव्या इंजिनात जुना सेंडर (तापमान मोजून काट्याला कळवणारा भाग) आणि तिसऱ्याच कंपनीचा गेज अशी जोडी असेल तर काटा २० अंश फॅरनहाइट सहज इकडे-तिकडे दाखवतो. सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर आर्थिंग नीट मिळत नाही. सेंडर कुठे बसलाय तेही बघा: हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर मॅनिफोल्डमधल्यापेक्षा आकडा जास्तच येणार.

आणि घाबरायचं कधी? १८० ते २१० फॅरनहाइट, म्हणजे ८२ ते ९९ सेल्सिअस, हे या इंजिनाचं रोजचं तापमान आहे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि १५ पौंडांची चांगली कॅप असेल तर उकळबिंदू २६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १२९ सेल्सिअसच्या आसपास जातो. रांगेत उभं असताना २१५ दाखवून चालायला लागल्यावर खाली येणारी गाडी आजारी नाही. मात्र २३० च्या पुढे चढतच राहिली तर बाजूला घ्या, बंद करा. गरम कॅपला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. उकळतं कूलंट तोंडावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, ते गोडसर असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

कधी तापते, हे सगळ्यात महत्त्वाचं

थांबल्यावर किंवा रांगेत तापते आणि ताशी ४० मैल गाठले की थंड होते, तर हवा कमी पडतेय. फॅन, शराउड, नाहीतर टायमिंग.

शहरात ठीक, पण हायवेवर हळूहळू चढत जाते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून भरलाय. पंप, बेल्ट, पुली, खालचा होज.

दोन्हीकडे ठीक, पण चढावर किंवा जोर लावल्यावर काटा अचानक उडी मारतो, थोडा खाली येतो, परत उडी मारतो, तर आत कुठेतरी वाफ किंवा जळका वायू पाण्यात येतोय. हेड गॅस्केट, हेड.

एवढं नीट विचारून घेतलं तर निम्मं काम झालं. यावर मी कितीही जोर दिला तरी कमीच, कारण बहुतेक लोक हे न बघताच सुटे भाग मागवतात.

हवा

माझ्या शेजाऱ्यांची १९३२ ची फोर्ड रोडस्टर आहे, फायबरग्लास बॉडीची. शेवरोलेचं ३५० काढून त्यांनी ४०० बसवलं. ही दोन्ही इंजिनं बाहेरून जवळपास एकाच मापाची, त्यामुळे माउंटिंग, गिअरबॉक्स सगळं जिथल्या तिथे बसलं. बदलला तो पंप. ४०० बरोबर लांब पंप आला होता. १९६९ पासून बहुतेक गाड्यांत तोच येतो, त्याआधीच्या गाड्यांत आखूड. दोघांत सव्वा ते दीड इंचाचा फरक. लांब पंपामुळे फॅन रेडिएटरला घासायला लागला, म्हणून त्यांनी आखूड पंप घातला, पण त्या ओढाताणीत शराउड जो निघाला तो भिंतीलाच टांगलेला राहिला. आता फॅन आणि रेडिएटर यांच्यात मोकळं अंतर उरलं.

गाडी आयडलवर ठेवून ग्रिलवर साधा कागद धरला. खालच्या भागात कागद चिकटून बसला. मधोमध लावला तर फडफडून सुटला. वरच्या तिसऱ्या हिश्शात तर धरताच गळून पडला. ३२ च्या फोर्डचा रेडिएटर उंच आणि अरुंद असतो आणि या इंजिनाच्या पंपाचा शाफ्ट त्या मानाने खाली येतो. शराउड नसेल तर फॅन फक्त समोरच्या गोलातली हवा ओढतो, आणि तीही मागून फिरून आलेली गरम. रेडिएटरचा वरचा भाग, जिथे सगळ्यात गरम पाणी येतं, तो नुसता बघत राहतो. यावर मोठा रेडिएटर लावला तर फुकट जाणारा भागच मोठा होतो, आणि नेमकं तेच झालं होतं.

अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा पेटीसारखा शराउड केला. रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारा, कडांना रबर लावून बंद केलेला, आणि फॅनचं पातं निम्मं आत, निम्मं बाहेर राहील असा. फॅनला पुढे आणणारा स्पेसर घातला, कोअरपासून, म्हणजे रेडिएटरच्या जाळीपासून, इंचभर अंतर ठेवलं. मग कागद वरच्या कोपऱ्यातही चिकटला. सिग्नलला चढणारा काटा त्याच दिवशी स्थिरावला.

जागाच नसेल तर इलेक्ट्रिक फॅन लावावा लागतो, पण त्याचं वायरिंग नीट करा. मोठा फॅन ३०-४० अँपिअर ओढतो. रिले हवाच, जाड वायर हवी आणि आर्थिंग चेसिसला घट्ट. फॅन चालू असताना त्याच्याच टोकांवर मीटर लावा. इंजिन चालू असून तिथे १३ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर वायर किंवा अल्टरनेटर कमी पडतोय आणि फॅन नुसता आवाज करतोय. फॅन उलटा फिरत नाही ना, तेही त्याच कागदाने कळतं. वायर उलट जोडली की मागून पुढे हवा ढकलणारा फॅन मी बऱ्याच गाड्यांत पाहिलाय.

आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते हेही विसरू नका. बॉनेटच्या बाजूच्या पट्ट्या अखंड असतील तर एकदा त्या काढून गाडी चालवा. तापमान उतरलं तर फट्या पाडलेल्या पट्ट्या बसवा. ग्रिलच्या शेल आणि रेडिएटर यांच्यातली फटही बंद करा. तिथून हवा कोअरला वळसा घालून निघून जाते.

पाणी

फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) व्ही-८ ला दोन पंप असायचे, त्यामुळे तिच्या रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन तोंडं. १९३२ ची ती मूळ मोटर २२१ घन इंचाची, ६५ अश्वशक्तीची. तिचे एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकमधल्या पाण्यातूनच जायचे, म्हणून तीसुद्धा तापण्यासाठी प्रसिद्ध होती. शेवरोलेला पंप एक, वर एक तोंड, खाली एक. जुनाच रेडिएटर वापरून नको ती तोंडं बुजवली असतील तर पाणी जवळच्या वाटेने वरून खाली उतरतं आणि अर्ध्या जाळीतून फिरतच नाही. तापमान-गन जाळीवर आडवी-उभी फिरवा, थंड पडलेला पट्टा लगेच सापडतो.

पंपाची फिरण्याची दिशा हा फसवा मामला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एकच लांब सर्पेंटाइन बेल्ट आला आणि त्याबरोबर उलट दिशेने फिरणारे पंप आले. दिसायला दोन्ही सारखेच. व्ही-बेल्टच्या इंजिनाला उलट्या फिरकीचा पंप बसवला तर तो फिरतो, गळत नाही, आवाजही करत नाही, पण पाणी नीट ढकलत नाही. दुकानदाराने दिलेल्या पार्टवर विसंबू नका, मागची प्लेट उघडून इंपेलरच्या पात्यांचा कल बघा. पुलीही तपासा: रेसिंगसाठीच्या पुली पंप मुद्दाम हळू फिरवतात, रस्त्यावरच्या गाडीत त्या नकोत.

खालचा होज पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असतो. आत स्प्रिंग नसेल तर इंजिन रेस केल्यावर तो चपटा होतो. एकाने थ्रॉटल धरावा आणि दुसऱ्याने होज बघावा, हात पंख्यापासून लांब ठेवून.

थर्मोस्टॅट काढून टाका हा सल्ला सर्रास मिळतो. काढू नका. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. १८० चा घातला म्हणून तापणारी गाडी १८० वर येत नाही, आणि काढल्याने थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही. तो नीट उघडतो का, हे पातेल्यात पाणी तापवून बघा. नवा बसवताना त्याच्या कडेला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे आतली हवा निघून जाते. हॉट रॉडमध्ये रेडिएटरची कॅप पुष्कळदा इंजिनाच्या सगळ्यात उंच जागेपेक्षा खाली असते, मग कितीही पाणी भरा, वर हवा धरून राहते. गाडीचं नाक चढावर करून भरा, किंवा वरच्या होजच्या सगळ्यात उंच जागी भरण्याचं तोंड बसवा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याचं ऑइल रेडिएटरच्या खालच्या टाकीतूनच थंड होतं. जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमपर्यंत घसरणारा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) बसवला असेल तर ती उष्णता पाण्यात येते. गिअरबॉक्सला वेगळा कूलर लावा.

टायमिंग

स्पार्क उशिरा पडला तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत जाळ चालू राहतो, आणि ती सगळी उष्णता हेडच्या पाण्यात उतरते. आयडलला ८ ते १२ अंश, वरच्या आरपीएमला एकूण ३२ ते ३६ अंश, एवढं या इंजिनाला साधारण लागतं. व्हॅक्युम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या शोषणाने ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) नळी बुजवून ठेवलेली असेल तर ती मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमला जोडून बघा, उभ्या गाडीचं तापमान बऱ्यापैकी उतरतं.

पण टायमिंग लाइट खरं सांगतो तो खूण खरी असेल तरच. शेवरोलेच्या या इंजिनात १९६९ च्या सुमारास डँपरवरची (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचं जड चाक) रेघ आणि समोरची पट्टी, दोन्हींची जागा बदलली. एका काळातला डँपर आणि दुसऱ्या काळातली पट्टी असा मेळ बसला की आकडा ८ अंशांच्या आसपास चुकतो. जुन्या डँपरचं बाहेरचं कडं रबरावर सरकलेलं असू शकतं. पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) घालून टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा, शोधा, डँपरवर नवी रेघ मारा आणि मगच टायमिंग लावा.

डँपरचा विषय निघालाच आहे तर: ४०० चा बॅलन्स बाहेरून केलेला असतो. तिला तिचाच वजन लावलेला डँपर आणि तिचीच फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागच्या टोकाचं पातळ चाक) लागते. ३५० ची लावली तर इंजिन थरथरतं आणि शेवटी रेडिएटरचे सांधे उकलतात.

हेडमधली भोकं

शेजाऱ्यांच्या गाडीकडे परत येतो. रांगेतलं तापणं थांबलं, पण आय-७५ वर चढ घेताना काटा उड्या मारायचा. पाणी फिरत होतं, टायमिंग बरोबर. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची टेस्ट केली. जळका वायू पाण्यात मिसळत असेल तर हा निळा रंग पिवळा होतो. तो हिरवटावर आला. हेड उतरवलं.

४०० ही शेवरोलेने १९७० ते १९८० या काळात काढलेली स्मॉल ब्लॉक. ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच, हिचा ४.१२५, आणि ब्लॉकची लांबी मात्र तीच. एवढे मोठे सिलिंडर बसवायला जागा हवी म्हणून शेजारशेजारच्या सिलिंडरच्या भिंती एकमेकींना जोडून टाकल्या, मध्ये पाणी नाही. त्या जोडाशी वाफ साठते. ती वर हेडमध्ये निघून जावी म्हणून ब्लॉकच्या माथ्यावर दर दोन सिलिंडरांच्या मध्ये बारीक भोकं ठेवलेली असतात आणि ४०० च्या हेडमध्ये त्यांना जुळणारी भोकं असतात. ३५० च्या हेडमध्ये ती नसतात.

ज्या वर्कशॉपने हे इंजिन बांधून दिलं होतं त्यांनी ३५० ची हेडं तशीच बसवली होती. उतरवलेल्या हेडच्या सपाट तोंडावर ब्लॉकच्या भोकांचे गोल डाग स्पष्ट उमटले होते, तपकिरी, कडेला गंजाची रेघ. वाफ तिथपर्यंत येत होती आणि पुढे वाट नव्हती. मधल्या दोन सिलिंडरांच्या जोडावर गॅस्केट काळं पडून पातळ झालेलं, बोटाने सोललं तर पापुद्रा निघाला.

उपाय अवघड नाही. ४०० चं हेड गॅस्केट घ्यायचं, हेडवर पिनांमध्ये बसवायचं आणि तेच साचा म्हणून वापरून भोकांच्या जागा खुणायच्या. काही भोकं पाण्याच्या पोकळीत उतरावीत म्हणून ड्रिल तिरकं धरावं लागतं, सरळ गेलं तर भलतीकडेच पोचतं. हे काम हँडड्रिलवर न करता मशीन शॉपकडून करून घ्या आणि पोकळी कुठे आहे ते आधी दाखवून द्या. हेडचं तोंड सपाट आहे का तपासा, आणि बसवताना गॅस्केटही ४०० चंच, भोकंवालं. रेसिंगवाले काही जण भोकं न पाडता चालवतात. रस्त्यावर तासन्‌तास चालणाऱ्या गाडीला तो प्रयोग नको. ब्लॉक विकत घेताना बाजूच्या फ्रीज प्लगा (ब्लॉकच्या भिंतीतली गोल झाकणं) मोजा: बहुतेक ४०० ला एका बाजूला तीन असतात, ३५० ला दोन. विकणाऱ्याला माहीत नसेल तरी तुम्हाला कळेल.

फोर्डची ३०२ बसवणाऱ्यांसाठी याच जातीची एक गोष्ट. तिच्या हेड गॅस्केटवर पुढची बाजू लिहिलेली असते, ती दोन्ही बाजूंना पुढेच यायला हवी. एका बाजूचं गॅस्केट उलटं बसलं की पाणी मागपर्यंत न जाता पुढूनच परत फिरतं आणि मागचे सिलिंडर भाजतात. गॅस्केटचा कोपरा बाहेरून दिसतो, हेड न उतरवताही तपासता येतं.

पुण्या-कोल्हापुरातून जुन्या जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन घातलेले मित्रही हेच विचारतात. डिझेलमध्ये टायमिंगचा भाग वेगळा आहे, पण कधी तापते हा प्रश्न, कागदाची चाचणी, शराउड, होज आणि हवा काढणं जसंच्या तसं लागू पडतं. फक्त तिकडे इंजिन बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्या. विम्याचा दावा तिथेच अडतो.

एवढं सगळं तपासूनही सपाट रस्त्यावर, एकाच वेगाने, अर्ध्या तासात तापमान चढतच राहिलं तर रेडिएटर खरोखर लहान किंवा चोंदलेला आहे. तेव्हा नवा जरूर घ्या. घेताना नुसती जाडी बघू नका, जाळीचं क्षेत्रफळ जास्त आणि आतल्या नळ्या रुंद, इंचभराच्या, असा घ्या. फार जाड जाळीतून हवा ओढायला फॅनही तसाच दमदार लागतो. आणि विचारायला आलात तर तीन गोष्टी आधी सांगा: गाडी कधी तापते, गनने मोजलेलं वरच्या आणि खालच्या होजचं तापमान, आणि इंजिनाबरोबर काय काय बदललं.